पहिली जुनी फटफटी घेताय? आधी कागद, मग चेसिस, इंजिन सगळ्यात शेवटी

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, दादा एक येझदी भेटतेय, घेऊ का. मी विचारतो कागद बघितलेस का, तर म्हणतो हो आहेत की, आणि मग पुढची दहा मिनिटं सायलेन्सरच्या आवाजाबद्दल बोलतो. हे "आहेत की" फार महागात पडतं, मला पडलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवून देईन.

मी मेकॅनिक नाही. आत्तापर्यंत चार जुन्या गाड्या घेतल्या, दोन विकल्या, एक चालवतो आणि एक ताडपत्रीखाली उभी आहे जिच्याबद्दल घरी बोलायचं नसतं. एवढाच माझा अधिकार.

आधी एक गोष्ट, आपण सगळे ज्याला व्हिंटेज म्हणतो ते कायद्यात व्हिंटेज नसतं. केंद्राचा २०२१ चा नियम आहे, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि ती रोज ऑफिसला न्यायला नाही, रॅली-प्रदर्शन वगैरेसाठी. म्हणजे १९८५ ची येझदी रोडकिंग ही कायद्याच्या दृष्टीनं नुसती म्हातारी गाडी. आणि ते चांगलंच आहे, कारण मग ती साध्या आरसीवर रोज फिरवता येते. कुणी तुम्हाला "व्हिंटेज आहे म्हणून टॅक्स नाही, पासिंग नाही" असं सांगत असेल तर तिथूनच चहा पिऊन उठा.

कुठली घ्यायची

हे शेवटी मनाचं असतं पण पहिल्यांदा घेताना थोडं डोकं पण लावा.

बुलेट म्हणजे जुनी लोखंडी इंजिनवाली, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक, एक वर तीन खाली. तालुक्याच्या गावात पण पार्ट मिळतो आणि हात लावणारा माणूस मिळतो, त्यामुळं पहिली गाडी म्हणून सगळ्यात सोपी. पण फेरफार पण हिच्यातच सगळ्यात जास्त, कारण जुनं ते नवं सगळं एकमेकांत बसतं, मग चेसिस (गाडीचा सांगाडा) एका सालची, इंजिन दुसऱ्या सालचं, टाकी परवाची. शिवाय मिलिटरी लिलावातली बुलेट म्हणून विकतात, त्यात पुष्कळदा लिलावाचा एक कागद असतो आणि नागरी नोंदणी कधी झालेलीच नसते. नोंदणी झालेली असेल तरच पुढं बोला.

जावा आणि येझदी एकाच घरातल्या, म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात तयार झालेल्या, १९७३ पासून नाव येझदी झालं आणि १९९६ ला कारखाना बंद. (२०१८ नंतरच्या नव्या जावाचा इथं विषय नाही, ती वेगळी गाडी आहे.) २५० सीसी, टू स्ट्रोक, पिस्टन एक आणि सायलेन्सर दोन. किक आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून वर फिरवला की किक, नाहीतर गिअर. माझं मन इथंच अडकलंय त्यामुळं मी निष्पक्ष नाही.

यामाहाच्या आरएक्स १०० बद्दल मी लोकांच्या शिव्या खाणार आहे पण सांगतोच, पहिली जुनी गाडी म्हणून घेऊ नका. १९८५ ते १९९६ एवढीच निघाली, ९८ सीसी, ११ बीएचपी, वजनाला हलकी म्हणून बंदुकीच्या गोळीसारखी पळते, आणि म्हणून भाव डोक्यात गेलाय. भाव चढला की चोरी चढते आणि नंबर खोडणारे पण तयार होतात. एकाच मालकाची, घरातली, ओळखीतली असेल तर डोळे झाकून घ्या, नाहीतर दुसरी तिसरी गाडी म्हणून बघू. आरडी ३५० तर नाहीच, १९८३ ते १९८९ ची ती गाडी आणि तिच्या पार्टचे भाव ऐकून घरचे तुम्हाला जेवायला वाढणार नाहीत. आणि जिच्याकडं कुणी बघत नाही ती राजदूत १७५, साधं इंजिन, कमी पैसे, कुणी हेवा करत नाही. दुधाचे कॅन वाहून वाहून बिचारीची इज्जत गेली पण शिकायला यासारखी गाडी नाही.

कागद

आता माझी रोडकिंग, जी मी दहा वर्षांपूर्वी घेतली. सांगली जिल्ह्यातली, १९८४ ची, एमनं सुरू होणारा तीन अक्षरी नंबर, म्हणजे एमएच-१० वगैरे येण्याच्या आधीचा. काळी टाकी, क्रोम जागेवर, दुसऱ्या किकला चालू. विकणारा म्हणाला वडिलांच्या नावावर आहे, काय अडचण नाही, सह्या मी देतो. मी पैसे दिले, टेम्पोत घातली, घरी आणली. मग कळलं की वडील २००३ ला गेले, वारस म्हणून आई, हा, आणि दोन बहिणी, त्यातली एक हुबळीला आणि तिचं भावाशी शेतावरून बोलणं बंद. चौदा महिने गाडी पार्किंगमध्ये उभी होती. मी रविवारी खाली जाऊन किक मारायचो, दहा मिनिटं आवाज ऐकायचो, बंद करायचो, आणि वॉचमन विचारायचा साहेब ही चालत नाही का.

तर नियम एक, आरसीवर ज्याचं नाव आहे त्या जिवंत माणसाशी समोरासमोर बोला, आधार कार्ड बघा, सही आरसीवरच्या नावाच्या माणसाचीच. मालक गेलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी होऊ दे, त्याला फॉर्म ३१ असतो, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते, ते सगळं विकणाऱ्यानं करायचं. तुम्ही फार तर हजार-दोन हजार इसार द्या, चिठ्ठी करून घ्या, आणि थांबा. गाडी तीस वर्षं थांबलीय, अजून सहा महिने थांबेल. "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" हे वाक्य मी प्रत्येक सौद्यात ऐकलंय आणि ते गिऱ्हाईक मी अजून एकदाही बघितलेलं नाही.

नियम दोन, गाडीचा नंबर परिवहनच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर टाकून बघा. नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबरची दिसतील तेवढी अक्षरं, नोंदणी कधीपर्यंत वैध, कर्जाचा बोजा आहे का, चलन आहेत का, आणि स्टेटस अ‍ॅक्टिव्ह आहे का. तीन अक्षरी नंबरच्या बऱ्याच गाड्या तिथं सापडतच नाहीत, कारण नोंद अजून आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्येच पडलीय, ऑनलाइन चढलेली नाही. त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात आणि ती ज्या ऑफिसला गाडी नोंदवली तिथंच होते. हे काम पण विकणाऱ्याच्या गळ्यात. नोंद ऑनलाइन नाही म्हणजे इन्शुरन्सपासून नावावर करण्यापर्यंत सगळं अडतं. आणि रजिस्टरचं ते पान वाळवीनं खाल्लेलं निघालं तर ते दुखणं तुमचं कशाला व्हावं.

नियम तीन, थकलेले पैसे मोजा आणि किमतीतून कापा. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ३०० वरून १००० झाली, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीला २००० केली. उशीर झाला की नियमात महिन्याला ३०० रुपये जादा धरलेत, म्हणजे मुदत संपून पाच वर्षं झाली असतील तर तेवढेच १८ हजार दिसतात. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या दुचाकीला पर्यावरण कर वेगळा. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट वेगळी. हे आकडे बदलत असतात, जायच्या आधी त्या दिवशीचा भरणा ऑनलाइन बघा आणि कागदावर लिहून विकणाऱ्यासमोर ठेवा. भांडू नका, नुसता कागद ठेवा.

परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आपल्याकडं कर परत भरायचाय हे पण धरा. दिल्लीकडं १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी, त्या नियमामुळं तिकडच्या गाड्या स्वस्तात सुटतात, त्या भरून इकडं आणणारे व्यापारी आहेत, आणि एनओसी "मागून कुरिअरनं येतीय" असं सांगतात. मागून काही येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चेसिस नंबर. बरोबर न्यायचं सामान म्हणजे एक जुनं फडकं, थोडं रॉकेल किंवा डिझेल, पितळी ब्रश, पातळ कागद आणि पेन्सिल. हँडलच्या खाली चेसिसची जी जाड उभी नळी असते, जिच्यात फोर्कचा दांडा फिरतो, तिथं शोधा. वरचा चिखल, ग्रीस, तीन थरांचा रंग फडक्यानं हळूहळू काढा, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, नाहीतर तुम्हीच नंबर खराब केला असं होईल. मग कागद धरून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तशी. अक्षरं उमटतात. आता बघा, सगळे आकडे सारख्या खोलीचे आहेत का, एका ओळीत आहेत का, ३ आणि ८ मध्ये नंतर कुणी काही जोडल्यासारखं दिसतंय का, आजूबाजूचं लोखंड ग्राइंडर फिरवल्यासारखं सपाट आणि चकचकीत आहे का. इंजिन नंबरचं पण तसंच. मग आरसी बुक शेजारी धरून एकेक अक्षर बोटानं वाचायचं, मोठ्यानं. एक जरी आकडा जुळला नाही तर "लिहिताना क्लार्कची चूक झाली असेल" हे ऐकून घ्या आणि घरी या. इंजिन बदललंय आणि बुकात नवीन नंबर चढवलाय तर चालतं, चढवला नसेल तर नाही. चेसिसला मात्र कुठलीच सबब नाही.

गाडी बघायला जाताना

दिवसा जा. आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. तरी करतात. म्हणून पोचल्या पोचल्या राम राम झाला की पहिलं काम म्हणजे सिलेंडरच्या पंख्यांवर हात ठेवा. कोमट लागलं म्हणजे सकाळी कुणीतरी वीस किका मारून घाम गाळून गेलंय. गार इंजिनचाच खरा स्वभाव कळतो. तापलेलं असेल तर बाकीचं बघत दोन तास काढा, जेवून या, पण गार झाल्यावरच किक मारा.

माझी आत्ताची चालती गाडी म्हणजे १९८७ ची येझदी क्लासिक, इस्लामपूरच्या पुढच्या एका गावातल्या निवृत्त गुरुजींकडून घेतली. गोठ्यात होती, वर कडब्याच्या पेंढ्या, सीटवर कोंबडी बसलेली, आणि ती उठेपर्यंत गुरुजी मला गाडी दाखवायला तयार नव्हते, म्हणाले अंड्यावर आहे. टायर फुटलेले, किक खाली जात नव्हती, सहा वर्षं बंद. पण चेनकव्हर जागेवर, दोन्ही टूलबॉक्सची झाकणं जागेवर, मीटर, टाकीचे रबर, मूळ लाइट, सगळं होतं, आणि बुकात पहिल्यापासून एकच नाव. बाहेर एक चकाचक रंगवलेली गाडी त्याच पैशात मिळत होती, ती सोडून मी ही घेतली आणि घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं.

कारण असं की इंजिनचं सामान मिळतं. पिस्टन मिळतो, रिंगा मिळतात, बेअरिंग मिळतं, बोअर करून मिळतो. पत्र्याचं सामान मिळत नाही. म्हणजे मिळतं पण नकली, बसवताना भोकं जुळत नाहीत आणि वर्षात गंजतं. त्यामुळं "चालू पण अर्धी" आणि "बंद पण पूर्ण" असा प्रश्न आला तर पूर्ण घ्या. आणि नुकतीच रंगवलेली गाडी असेल तर खिशात एक छोटं चुंबक ठेवा, फ्रिजवरचं पण चालतं. टाकीवर, मडगार्डवर फिरवायचं. चिकटता चिकटता मधेच निसटलं तर तिथं पुट्टी आहे. माझ्या एका मित्रानं घेतलेल्या जावाच्या टाकीवर उजव्या बाजूला चुंबक वीतभर कुठंच धरत नव्हतं, तो म्हणाला अरे हा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल. नव्हता.

टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारा. तळाला तपकिरी चुरा दिसला तर गंज. वास घ्या, जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो, तो असेल तर कार्ब्युरेटर उघडावा लागणारच. टाकीच्या पोटाला खालून बोट फिरवा, एमसीलचे गोळे लागतात.

मग सरळपणा. गाडी मेन स्टँडवर, तुम्ही मागं आठ-दहा फुटांवर उकिडवे बसा आणि एक डोळा झाकून मागचं चाक आणि पुढचं चाक एका रेषेत दिसतंय का बघा. बरोबर कुणी असेल तर दोरी ताणून धरा. पुढचं चाक उचलून हँडल हळू हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या, मधोमध आल्यावर कट्ट करून अडखळलं तर आतल्या गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत, ते तेवढं महाग नाही पण गाडी खड्ड्यातून खूप फिरलीय हे कळतं. मागचं चाक धरून डावीकडं उजवीकडं ढकला, खटखट झाली तर स्विंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश गेले. स्पोकवर पाना वाजवत जा, सगळे ट्रिंग वाजले पाहिजेत, एखादा ढप्प वाजला तर ढिला. चेसिसला वेल्डिंगचे डाग दिसले तर कुठं आहेत ते बघा, स्टँडच्या कानाला वेल्डिंग सगळ्यांच्याच असतं, पण हँडलच्या नळीपाशी असेल तर गाडीनं काहीतरी मोठं धडकून घेतलंय आणि ती तुमची नाही.

इंजिन

शेवटी घेतलंय कारण इथं काहीही निघालं तरी पैसे टाकून सुटतं.

टू स्ट्रोक गार असताना चालू केली की धूर मारणारच, घाबरू नका. दहा मिनिटांनी, इंजिन तापल्यावर, धूर पातळ झाला पाहिजे. पांढरा-निळा जाड धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइलची पातळी खाली गेलेली असेल तर क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो तो आतला दांडा) क्लच बाजूचं ऑइल सील गेलं, इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळतंय. दुसऱ्या बाजूचं सील गेलं की उलटं, तिथून हवा ओढते, रेस सोडली तरी इंजिन खाली यायला तयार नाही, ओरडतच राहतं, आणि अशा इंजिनचा पिस्टन पुढं जाऊन चिकटतो. सील दोनशे-चारशेची वस्तू पण तिथपर्यंत पोचायला काय काय उघडावं लागेल ते मिस्त्रीला विचारून घ्या. खालून खोल, ठोके मारल्यासारखा टकटक आवाज रेस दिल्यावर वाढत असेल तर क्रँकचं काम, म्हणजे मोठा खर्च. वरून हलकी किलबिल ही बहुतेक पिस्टनची, ती मी सहन करतो.

येझदीला दांडा किकवरून गिअरला परत येतो का ते वीस वेळा करून बघा. आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढाला रेस द्या, गिअर सुटत असेल तर पेटी उघडायची.

बुलेटला एक जुनी युक्ती आहे, किक मारत मारत जिथं कडक लागते तिथं थांबा आणि डीकॉम्प्रेसर (किक हलकी करणारी कळ) न दाबता किकवर आपलं वजन टाकून उभे राहा. थोडा वेळ तुम्हाला तोलून धरलं पाहिजे, लगेच लोण्यात सुरी गेल्यासारखी खाली गेली तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह. खूप महिने उभ्या बुलेटचं ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरतं आणि पहिल्यांदा चालू केल्यावर गल्लीभर धूर होतो, तेवढ्यावरून नापास करू नका.

आरएक्सला एकच प्रश्न पहिला विचारा, ऑइल पंप चालू आहे की काढून टाकलाय. कंपनीनं टू टी ऑइलची वेगळी टाकी आणि पंप दिलाय, पण पुष्कळ जणांनी तो बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची सवय लावलीय. विकणारा सांगायला विसरला आणि तुम्ही पेट्रोल पंपावर जाऊन नुसतं पेट्रोल भरलं तर घरी पोचायच्या आत इंजिन जाम. जावा-येझदीच्या बहुतेक गाड्यांना पंप नाहीच, त्यांना लिटरला ३० ते ४० मिली टू टी मिसळायचंच.

चालवून बघताना बुलेटवर पहिल्यांदा बसणार असाल तर मोकळ्या मैदानात. आपल्या पायाला सवय उलटी असते, ऐन वेळी उजवा पाय ब्रेक म्हणून गिअर दाबतो. माझा चुलतभाऊ असाच पानटपरीत गेला, कुणाला लागलं नाही, बरण्या फुटल्या, आणि गाडी घ्यायच्या आधी बरण्यांचे पैसे भरले. आणि पुढं मागं ड्रम ब्रेक आहेत हे लक्षात ठेवा, डिस्कच्या हिशोबानं अंतर धरू नका. सहा व्होल्टच्या गाडीचा हेडलाइट म्हणजे देवापुढची समई, रात्री घरी यायचा बेत आखू नका.

सौदा

मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर. येझदीत हात घालणारा माणूस तुमच्या गावात नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. पुण्यात नाना पेठेत सामान मिळतं, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर मूळ पार्ट सापडतो, कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्यांकडं बोअर, बुश, न मिळणारी वायसर सुद्धा करून मिळते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे असतो, तिथं जाऊन नुसते उभे राहा, कुठला मिस्त्री खरा आणि कुठला नुसता बोलतो हे तासाभरात कळतं. ओळख झाली की त्यालाच गाडी बघायला घेऊन जा, पेट्रोल, जेवण आणि दिवसाचे पैसे द्या, फुकट नेऊ नका, फुकट नेलेला मिस्त्री तुमचं मन मोडत नाही, म्हणतो घ्या की.

तुमचं बजेट जेवढं असेल त्याच्या दोन तृतीयांशातच गाडी बसवा. उरलेलं पहिल्या सहा महिन्यांत जातंच, टायर, ट्यूब, केबल, बॅटरी, पॉइंट, कार्ब्युरेटर, सीट. आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुने रबर पाइप आणि सील टिकत नाहीत, फुगतात, चिरतात, ते आल्या आल्या बदला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

पैसे बँकेतून द्या. फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (नावावर करायचा अर्ज), सह्या करताना विकणाऱ्याचा फोटो काढून ठेवा, तो हसला तर हसू दे. एक साधी डिलिव्हरी चिठ्ठी, तारीख आणि वेळ दोन्ही टाकून, म्हणजे सकाळपर्यंतचं चलन त्याचं आणि दुपारनंतरचं तुमचं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, तुम्ही ३० दिवसांत नावावर करायची. थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय रस्त्यावर आणू नका, १५० ते ३५० सीसीला २०२२ च्या दरानं १३६६ रुपये, वर जीएसटी. तोपर्यंत टेम्पो.

क्लासिक न्यायच्या दिवशी मी टेम्पो घेऊनच गेलो. गुरुजींनी कडबा काढून गाडी धुऊन ठेवली होती, कोंबडीची सोय दुसरीकडं झालेली. बाई म्हणाल्या जागा तरी मोकळी झाली. गुरुजी काही बोलले नाहीत, किल्ली दिली, मग टेम्पो चालू झाल्यावर मागून हात करत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, रिझर्व्हचा कॉक फिरतो पण लागत नाही, १९९४ पासून, टाकी हलवून बघायची आणि डबडब आवाज आला तर जायचं. मी कॉक अजून बदललेला नाही.